खोल ठसा

उस्तादाने पोलादी ठशावरच्या उलट्या अक्षरांतला चुरा पुसला आणि छिन्नी पुन्हा लावली, तेवढ्यात टांकसाळीचा दारोगा हुकमाचा कागद घेऊन आला.

"काका, थांबा. नाव बदललं."

ठशावरचे नाव मुघल तख्तावरच्या बादशहाचे होते; उस्तादाने ते गेल्याच हिवाळ्यात रुपयासाठी पहिल्यांदा कोरले होते. पहिला रुपया पडला तेव्हा उस्तादाच्या मुलाने तो बायकोसाठी मागून घेतला आणि त्याच बादशहाच्या पहाऱ्यावर रुजू व्हायला गेला. औटघटकेचे राज्य म्हणतात ते हेच. तख्ताची हौस एकाला, आणि मरायला मात्र दुसऱ्यांची पोरे.

"आणि पहाऱ्यावरची माणसं?" उस्तादाने विचारले.

दारोगाने कागदाची घडी घातली. "बादशहालाच मारलं, काका. पहारा कोण शिल्लक ठेवतो?" मग तो उगाच हसला. "नवं नाव वरवरच कोरा. नव्याचे नऊ दिवस! आणि जुने रुपये सगळे मुशीत. कुणाच्या घरात सापडला तर खैर नाही."

उस्तादाच्या हातून छिन्नी पडली. ती त्याने उचलली नाही.

दुपारी तो घरी गेला तेव्हा सून वाढत होती. न कळवता येऊन दारात उभे राहायची नवऱ्याची खोड तिला ठाऊक होती, म्हणून त्याचे ताट ती रोज मांडून ठेवी. आजही ते होते. उस्तादाची नजर तिच्या पदराच्या गाठीवर गेली. गाठीत तो रुपया होता. तो मागायचा म्हणजे सगळेच सांगायचे. उस्ताद उकाड्याबद्दल काहीबाही बोलला.

"मामंजी, आधी जेवून घ्या."

तो जेवला. हात धुऊन आला, तर मुलाचे ताट तिने उचलले होते आणि गाठ सोडून रुपया समोर ठेवला होता.

"सकाळी तेलवाल्यानं घरखर्चातला दुसरा रुपया परत केला. म्हणाला, हा बादशहा संपला, त्याची माणसंही. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही उपाशी राहिला असता."

उस्ताद ढसाढसा रडला. तिने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

बऱ्याच वेळाने उस्ताद रुपया घेऊन उठला. ती दारापर्यंत आली.

"नवं नाव आजच कोरणार?"

"हो."

"खोल कोरा, मामंजी. त्याच्याही पहाऱ्यावर कुणाचं तरी पोर असेल."