लांब ठेवलेली किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे. पितळेची, चपटी, एका कडेला दात असलेली आणि दुसरी कड बोळकी असलेली. मित्रांनो, किल्लीचं आयुष्य ते काय! दिवसातून दोनदा कुलपात शिरायचं, अर्धा फेरा मारायचा आणि उरलेला वेळ खिळ्यावर लटकायचं. शांत स्वभावाच्या किल्लीला हे मानवतं. मला कधीच मानवलं नाही. दार आपटलं की मी हलते, पंखा लागला की हलते, आणि कोणी काहीच केलं नाही तर कोणी काही का करत नाही म्हणून हलते.

एका कारखान्यात, एका लॅचसोबत आम्ही तिघी बहिणी जन्मलो. थोरली पहिल्याच वर्षी मोडली. घरातल्या बाबांनी तिच्याने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायचा प्रयत्न केला होता. झाकण अजून जागेवर आहे. धाकटी हरवली. ‘हरवली’ म्हणजे ती दुसऱ्याने हरवली असं घरातल्या प्रत्येकाने ठरवलं आणि विषय मिटला. उरले मी, मधली.

आमच्या घरात माणसं तीन. बाई मोटार चालवायला शिकवते, म्हणून सगळं गाव तिला मॅडम म्हणतं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून दिवसभर “हळू... हळू म्हटलं ना!” असं ओरडायचं, हा तिचा धंदा. तिचा नवरा बेकरीत भट्टी सांभाळतो आणि उजाडायच्या आत कामावर निघतो. तिसरे तिचे सासरे, म्हणजे बाबा. ते झोपताना कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात. मग दारात तोफ डागली तरी त्यांची झोप मोडत नाही, आणि सकाळी नऊच्या आत ते उठल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. गेल्या वर्षी मॅडमने बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. अर्ध्या वाटेवर पाय म्हणाले, पुरे. अशा शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी येते आणि थकलेल्यांना गोळा करत जाते. मॅडम त्या गाडीत चढली. चालकाने मागे वळून पाहिलं. तो तिचाच विद्यार्थी निघाला. क्लच सोडताना गाडीला उचक्या लागायच्या म्हणून तिनेच त्याचं नाव ‘उचकी’ ठेवलं होतं.

“मॅडम,” उचकी अदबीने म्हणाला, “बेल्ट लावा.”

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. तीही हसली. हसणं थांबलं, पण जेवताना टेबलाखाली तिचा पाय थांबेना. नसलेला ब्रेक दाबत राहिला.

“पुढच्या वर्षी त्या गाडीत बसणार नाही,” ती म्हणाली. “शेवटची आले तरी चालेल. पण माझ्या पायांनी येईन.”

ठरलं, बूट आले, सराव सुरू झाला. सुरुवातीला ती मला मुठीत घेऊन पळायची, त्यामुळे सांगते ते डोळ्यांदेखतचं आहे. पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या बागेतलं बाकडं तिच्या नजरेत भरलं. तिसऱ्या आठवड्यात ती घरून निघून थेट बाकड्यावर बसू लागली. बसायची, पाय हलवायची, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघायची. पुरेसा वेळ झाला की बागेतल्या नळावर जाऊन तोंडावर, मानेवर आणि पाठीवर बेताने पाणी मारायची आणि धापा टाकत घरी यायची. ती येऊन गेलेली असायची, आंघोळ झालेली असायची, तेव्हा बाबा उठायचे, दोरीवरचा ओला शर्ट बघायचे आणि रात्री जेवताना म्हणायचे, “काय घाम गाळते ही पोरगी!”

मित्रांनो, शिव्या सहन होतात. हे कौतुक तिला सहन होईना. एका रात्री जेवताना तिने घास खाली ठेवला.

“अहो, मी पळत नाही.”

“म्हणजे?” नवरा म्हणाला.

“बाकड्यावर बसते. येताना नळाचं पाणी मारते अंगाला.”

भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसाला सगळं सावकाश भाजायची सवय असते. तो सावकाश चावत राहिला. “रोज?”

“परवा पळाले थोडी. कुत्रं मागे लागलं म्हणून.”

“मग कुत्रंच पाळा की,” बाबा म्हणाले. “नाही तरी धावत जायचं आणि परत इथंच यायचं. गेलीच नाहीस तर तेवढं अंतर वाचतं.”

“बाबा, थट्टा नको. मला कळतच नाही काय होतं. रात्री झोपताना वाटतं, उद्या उडत जाईन. सकाळी तो कोपरा आला की पाय घराकडे वळतात. दार तिथेच, किल्ली मुठीत. कशाला पुढे जायचं?”

हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी खिळ्यावर जरा सावरून लटकले.

“किल्ली मी घेऊन जातो,” नवरा म्हणाला. “कामावर जाताना कुठेतरी लांब ठेवेन. तू मागून दार ओढून घे.”

आमचं दार ओढलं की खट्ट करून आपोआप बंद होतं. आठ वाजता मॅडमचा पहिला विद्यार्थी हजर, आणि गाडीची चावी घरात. म्हणजे मला आणायला जाण्यावाचून गत्यंतर नाही.

“आणि नाही पोचले तर?”

“तर पायरीवर बस. बाबा उठेपर्यंत.”

“मग नऊपर्यंत सगळी गल्ली माझी मजा बघणार,” ती म्हणाली. पण ठरलं.

तिथून माझी भरभराट झाली. जन्मभर दीड बोटाच्या खिळ्यावर काढलेली मी, फिरतीवर निघाले! पहिला मुक्काम चौकापलीकडच्या फुलवाल्याकडे पडला. त्याने मला गुलाबांच्या बादलीच्या कडीला अडकवलं. चार दिवस मी उंची अत्तर लावल्यासारखी वावरले. मग सायकल दुरुस्तीच्या दुकानात पान्यांच्या रांगेत लटकले. पाने फार आढ्यतेखोर असतात. मग पेट्रोल पंप. तिथले मामा म्हणजे गल्ल्यावर बसणारे जाडजूड गृहस्थ. त्यांनी मला स्वच्छतागृहाच्या किल्लीशेजारी टांगलं. तिला कोणी पळवू नये म्हणून फूटभर फळी बांधलेली होती. लोक तिला मागायला फार घाईने येत. “तुझ्यासाठी कितीजण पळतात?” तिने मला विचारलं. मी म्हटलं, “एकच. पण लांबून.”

आणि मॅडम यायची. प्रत्येक ठिकाणी यायची. आधी रस्त्याच्या टोकाला एक ठिपका हलायचा, मग त्याला हात फुटायचे, मग लालबुंद चेहरा. मामा मला काढून द्यायचे, ती मुठीत घ्यायची आणि माघारी पळायची. तिच्या तळव्याला मीठ असायचं. नळाच्या घामाला ती चव नव्हती.

मी चढून गेले, कबूल करते. मला वाटू लागलं की या बाईला पळवतेय ती मी. मी नसते तर ही अजून बाकड्यावर असती. तो ठिपका दिसेपर्यंत मला क्षणभर चैन पडायची नाही, फळीवाली म्हणायची, “अगं, स्वस्थ लटक की.” पण मी कसली स्वस्थ! माझ्यावाचून बाई उघड्यावर पडेल ना!

मग तो दिवस आला. धुकं होतं. ठिपका दिसण्याची वेळ झाली, टळली. धुकं निवळलं, रस्ता टोकापर्यंत लख्ख दिसू लागला, आणि त्यावर दुधाच्या गाडीशिवाय काही नव्हतं.

“मॅडम आज दमल्या वाटतं,” मामा म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

दुपारी बेकरीतून परतताना नवऱ्याने विचारायला म्हणून गाडी थांबवली आणि मला तिथेच पाहून त्याचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला. घरी पोचतो तर मॅडम सकाळचे सगळे विद्यार्थी उरकून जेवायला बसलेली.

“तू आत कशी आलीस?”

तिने उत्तर देण्याआधी बाबा बोलले. “मी उघडलं दार. घंटा ऐकू आली.”

“तुम्हाला? कानात यंत्र नसताना?”

“वाऱ्याने आली असेल,” बाबा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

मॅडम ताटाकडे बघत राहिली. टेबलाखाली पाय चाललेलाच होता. मी खिळ्यावर गेले ती काळीठिक्कर पडून. संपलं, मला वाटलं. आता पुन्हा खिळा, पुन्हा अर्धा फेरा. त्या रात्री मी इतकी हलले की भिंतीवर अर्धगोल ओरखडा उठला. अजून आहे.

पहाटे नवरा दाराशी घुटमळला. माझ्याकडे हात नेला, मागे घेतला. बिचाऱ्याला कळेना, नेऊ की नको. तेवढ्यात आतून आवाज आला.

“अहो, किल्ली घेतलीत ना?”

“पंपावर ठेवू?”

“बेकरीत न्या.”

बेकरी पंपाच्या कितीतरी पुढे होती. नवरा पायऱ्या उतरताना शीळ घालत होता. मला भट्टीजवळच्या खुंटीवर लावलं. त्या उबेत मी वाट बघत राहिले, आणि तोही पावाचे साचे ओढता ओढता खिडकीकडे बघत राहिला. उशिराने का होईना, ठिपका दिसला. त्याने एक अख्खा साचा करपवला. मालक ओरडला. हा हसत उभा.

असं करत शर्यतीचा दिवस उगवला. बाबांनाही त्या दिवशी लवकर उठवून, यंत्र कानात बसवून शेवटच्या रेषेपाशी आणलं होतं. नवऱ्याने मला मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की माझे दात त्याच्या तळव्यावर उमटले. एकेक जण येत होता. तरणे आले, म्हातारे आले, एक वरातीतल्या घोड्यासारखा सजलेला गृहस्थही आला. मॅडम येईना. मंडप आवरायला सुरुवात झाली. आणि वळणावर ती गाडी दिसली. गोळा करणारी.

“गेलं,” नवरा पुटपुटला.

“काय गेलं? नीट बघ,” बाबा म्हणाले. “मला ऐकू कमी येतं. दिसतं सगळं.”

गाडीच्या पुढे, चार हातांवर, ती पळत होती. पळत म्हणजे आता तिला पळणं म्हणायचं ते केवळ प्रेमापोटी. मागून उचकी गाडी चालवत होता, अगदी गोगलगाईच्या चालीने, क्लच असा अलगद धरून की एकही हिसका नाही. तेवढ्यात त्याने खिडकीतून डोकं काढलं.

“मॅडम, बसता का?”

“आरशात... बघ,” ती धापा टाकत ओरडली. “माझ्यामागे... कोणी आहे?”

“कोणी नाही, मॅडम.”

“मग... हळू. हळू म्हटलं ना!”

ती रेषेपार गेली. सगळ्यांत शेवटची, स्वतःच्या पायांनी. नवऱ्याने टाळ्या वाजवायला मूठ उघडली, मला घाईत कोटाच्या खिशात टाकलं, आणि खिसा फाटका असल्यामुळे मी अस्तरात जाऊन पडले.

त्यामुळे घराच्या दाराशी फजिती झाली. नवरा उजवा खिसा चाचपतोय, डावा चाचपतोय, टोपी झाडतोय. पीठ उडतंय, किल्ली नाही. मी अस्तरातून जीव तोडून खुळखुळते आहे, पण एकटी किल्ली खुळखुळून खुळखुळणार किती?

“हरवली,” तो रडवेला झाला. “आजच हरवली!”

मॅडम पायरीवर बसली. तिने मोजा खाली केला आणि आतून एक किल्ली काढली. दार उघडलं.

अस्तराच्या भोकातून मी पाहिलं, मित्रांनो. ती माझी धाकटी बहीण होती.

“ही... कुठे होती?” नवऱ्याने विचारलं.

“शिकवायच्या गाडीत, सीटच्या खाचेत. तुम्ही किल्ली फुलवाल्याकडे ठेवायला लागलात त्याच आठवड्यात सापडली.”

“म्हणजे तुला रोज परत येता येत होतं?”

“एकदा आलेही. धुक्याच्या दिवशी. बाबांनी पाहिलं.”

“मी यंत्र शोधायला उठलो होतो,” बाबा म्हणाले, “ते डबीतच होतं.”

“मग मला सांगायचंस! मी उगीच पहाटे वाट वाकडी करून...”

“म्हणून तर नाही सांगितलं,” ती म्हणाली. “दार बंद म्हणून पळायचं, याचा मला चौथ्या दिवशीच कंटाळा आला होता. पण तुम्ही अंधारात तिथवर जाऊन माझ्यासाठी काही ठेवून गेलाय, हे डोक्यात आलं की बसवायचं नाही.”

 नवरा बराच वेळ कोट झटकत राहिला, आणि मी खाली पडले.

त्या रात्री आम्ही दोघी बहिणी एका खिळ्यावर होतो. सगळा रस्ता धाकटीने पाहिला होता. मी फक्त शेवट पाहिला होता. तिने मला सांगितलं, रोज त्या बाकड्याशी मॅडम थांबायची. हात मोज्याकडे जायचा. आत किल्ली आहे, घर मागे आहे, विचारणारं कोणी नाही. मग ती वाकून नाडी बांधल्यासारखं करायची आणि पुढे निघायची. “रोज?” मी विचारलं. “रोज,” धाकटी म्हणाली. “तिची नाडी कधी सुटलेली नसायची.”

माझा तोरा तिथेच उतरला. तरी वाईट वाटलं नाही. वाट बघण्याचं कामही कोणीतरी करायचं असतंच.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी किल्ली असेल. तिने डबे उचकटू नका, कान तर मुळीच कोरू नका, आणि वर्षातून एकदा कुलपात तेलाचा थेंब सोडा. आणि घरातलं कोणी लांबच्या वाटेला लागलं, तर त्याच्या मागे दार लावून घेऊ नका. त्याची किल्ली त्याच्यापाशी असू द्या. जमलंच तर तुम्ही पुढे जा, आणि वाटेवर तुमचं काहीतरी ठेवून या.

आता मला थांबायला हवं. आज जेवताना टेबलाखाली तो पाय पुन्हा हलू लागलाय. नवऱ्याने ते पाहिलं आणि कोटाचा खिसा शिवायला घेतलाय. आम्ही दोघी खिळ्यावर आत्तापासूनच खुळखुळतोय.