आधी लांबी, मग रुंदी

शुभदाने फ्लॉपी आत ढकलली आणि पडद्याकडेच बघत राहिली. शेजारी उभ्या मल्लाप्पांकडे बघायची तिची छाती होईना.

"अक्का, माझंच काहीतरी चुकलं असणार," ते पुन्हा म्हणाले. "तुमची सुधारित फ्लॉपी घातल्यापासून लांबीच्या जागी रुंदी छापून येतीय. सगळे पत्रे वाया. तीनदा तपासलं. स्वल्प वय झालं, दुसरं काय!"

मल्लाप्पा मूळचे निपाणीचे. आनेकलच्या या डब्यांच्या कारखान्यात त्यांनी बारा वर्षं पत्रे कापले. मग पुस्तकं वाचून मापांच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम स्वतः लिहिला, शुभदाच्या बेंगळूरच्या कंपनीची तयार लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामात जोडायच्या आयत्या फंक्शनांचा संच, वापरून. पंधरवड्यापूर्वी मालकांनी त्यांना कंप्युटरवरून उठवून परत कापायच्या यंत्रावर धाडलं होतं.

आणि हे सगळं कशापायी? तर शुभदा बाईसाहेबांच्या नीटनेटकेपणाच्या हौसेपायी! लायब्ररीतल्या बाकी सगळ्या फंक्शनांत रुंदी आधी, या एकातच लांबी आधी. तिने क्रम फिरवला. "जुनं राहू दे गं, नव्याला नवं नाव दे," कंपनीतला दयानंद कानीकपाळी ओरडत होता. "जुनं वापरतंय कोण?" म्हणून तिने वर शहाणपणा पाजळला होता. लांबी काय, रुंदी काय, कंप्युटरला दोन्ही नुसते आकडेच. मल्लाप्पांचा प्रोग्राम हूं की चूं न करता उलटी मापं छापत राहिला.

आजच्या फ्लॉपीत तिने जुना क्रम परत आणला होता. चिठ्ठी बाहेर आली. मापं बरोबर होती.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," ती कशीबशी म्हणाली. "मी क्रम बदलला. कळवलंही नाही."

मल्लाप्पांनी चिठ्ठीवरची मापं पुन्हा एकदा वाचली. तेवढ्यात मालक दारात आले. त्यांना कन्नडखेरीज काही येत नव्हतं.

"यांना सांगा, मी म्हटलं ते. जसंच्या तसं," शुभदा मल्लाप्पांना म्हणाली.

मल्लाप्पा कन्नडमधून बोलू लागले. शुभदाचं कन्नड रिक्षा आणि भाजीपुरतंच. पण त्यांनी छातीवर हात ठेवून म्हटलेलं 'नन्न तप्पु' तिला कळलं. माझी चूक. पाहुणीला मालकापुढे मान खाली घालावी लागू नये म्हणून! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती खुर्चीवरून उठली.

"इल्ला, सर," ती नकारार्थी मान हलवत म्हणाली. पुढचे शब्द सापडेनात. तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "नन्न तप्पु. नन्न."

मग तिने खुर्ची मल्लाप्पांसाठी मागे ओढली. ते बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मालकांकडे बघत उभे राहिले.