हात वर करा

नवी राजधानी बांधायला निघालेल्या खात्यात मी होतो. तेव्हा फार ताठ होतो, हे आधीच सांगून टाकतो.

अभनपूरच्या पलीकडे एका गोंड पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, रस्त्यासाठी जमीन हवी होती. तिथली रीत अशी, की एक माणूस जरी नाराज असला तरी बैठक उठायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची. सगळ्यांनी 'हव', म्हणजे हो, म्हणेपर्यंत. दोन दिवसांत सगळे राजी झाले, पण घोडं पेंड खात होतं ते म्हाताऱ्या कमलादाईपाशी; तिकडे आईला दाई म्हणतात. तिच्या सासूनं लावलेलं मोहाचं झाड रस्त्यात येत होतं. आणि इकडे तिसऱ्याच दिवशी शहरात चौबे कॉलनीत माझ्या घराची वास्तुशांत होती.

मग हा उंटावरचा शहाणा पुढं झाला. म्हटलं, "हात वर करा. ज्या बाजूला जास्त हात, तिचं खरं." पोरांना गंमत वाटली. एकतीस हात वर गेले. दाईनं आपले हात पदराखाली घेतले. मी कागदावर 'एकमताने' असं लिहिलं आणि जीप काढायला सांगितली.

रात्री जेवताना बायको, रमा, म्हणाली, "एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? काहून एवढी घाई करून राहिले?" मी तिलाही गप्प केलं.

इतक्या वर्षांनी, परवा त्याच पाऱ्यातल्या बिसाहूनं बैठकीला पाहुणा म्हणून बोलावलं. तेव्हा सगळ्यात आधी हात वर करणारा पोरगा तो. आता सरपंच आहे. देवाची जागा दुकानांना द्यायची होती. नको म्हणणारी पुन्हा एकटी दाईच. मला राहवेना. उभा राहून म्हणालो, "अरे, कल फिर बैठो ना! तुम्हारी रीत है."

बिसाहू हसला. "साहब, आप ही ने तो सिखाया."

हातांची मोजणी दोन मिनिटांत आटोपली. मला माझीच लाज वाटली.

निघताना दाईजवळ खाली बसलो. तिच्या झाडाची माफी मागितली.

"पेड़ की बात नहीं थी, साहब," ती म्हणाली. "तीसरे दिन मैं हव बोलने ही वाली थी. बस, सब मेरे लिए एक बार और बैठते."