बद्रीनाथांचं रूट कॅनल

शनिवार पेठेतल्या आपल्या इमारतीत बद्रीनाथ लिमयांनी एकदाच चूक केली. 'हल्ली कशातच मन लागत नाही' असं जिन्यात बोलून गेले. पुण्यात एवढं पुरतं. एकानं अश्वगंधा सुचवली, दुसरीनं 'सगळं तर आहे तुमच्याकडे' असं सुनावलं, आणि बागेत हास्यक्लब चालवणाऱ्या पोपटरावांनी 'हसा हो, फुकट आहे' म्हणत पाठीवर थाप मारली. बद्रीनाथांच्या अंगात तेव्हा दाढी करण्याचंही त्राण नव्हतं.

म्हणून थेरपी सुरू झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं, ललिताबाईंनी, परस्पर जाहीर केलं, "यांचं रूट कॅनल चाललंय." झालं, सगळी इमारत हळवी झाली. कुणाकडून मऊ भात आला, कुणाकडून पेज. उपदेश करायला मात्र कुणीही आलं नाही. दात दुखला की माणूस आजारी असतो, मन दुखलं की आळशी.

दर बुधवारी बद्रीनाथ आम्रपाली गायकवाड या समुपदेशक बाईंसमोर बसत. पहिल्या खेपेला ते नुसते रडले. बाईंनी एकही उपाय सुचवला नाही, याचंच त्यांना केवढं बरं वाटलं. पुढे ठरलं की उत्साह येण्याची वाट बघायची नाही, रोज एक छोटं काम आधी करून टाकायचं. ते भाजी आणू लागले, निवडू लागले. 'मी कुचकामी आहे' असं मनात आलं, की ते खरंच तसं आहे का, हे तपासायला शिकले. कधी जमे, कधी नाही. पण सकाळ पूर्वीसारखी अंगावर येत नव्हती.

चार महिने झाले तरी रूट कॅनल संपेना, तेव्हा डॉक्टर लुटतोय असं इमारतीनं ठरवून टाकलं. ललिताबाई धास्तावल्या. "आता बरे आहात ना? मग पुरे करा. लोक विचारतात."

आत्ता थांबलो तर पुन्हा ते दिवसभर अंथरुणात पडून राहणं, हे बद्रीनाथांना कळत होतं. ते भाजी निवडत राहिले.

त्याच संध्याकाळी पोपटराव आले. "तुमच्या त्या दातवाल्याचा नंबर हवा होता," ते हळूच म्हणाले.

"अहो, पण तुमची तर पूर्ण कवळी आहे," ललिताबाई म्हणाल्या.

"रूट कॅनल करून माणूस भाजी आणायला लागत नाही वहिनी, एवढं कळतं मला." पोपटराव खाली बघत राहिले. "रोज अख्ख्या बागेला हसवतो. घरी आलो की चपला काढायचंही जिवावर येतं."

ललिताबाईंनीच खुर्ची पुढे सरकवली.

"बुधवारी खाली थांबा," त्या म्हणाल्या. "हे जाणारच आहेत."