तिसरा बंद, बाकी सगळे चालू

“मागे सरका साहेब, गेल्या वेळी तुमच्या भुवया थोडक्यात वाचल्या.”

चिपचा डिझायनर निमूटपणे दोन पावलं मागे सरकला. तिने गॉगल चढवला आणि तांब्याची जाड तार उचलली.

टेस्टिंगच्या त्या खोलीत ती एकोणीस वर्षं चिप जाळत आली होती. मुद्दाम शॉर्ट सर्किट करायचं, चिप तग धरते का पाहायचं, धूर निघाला की नोंद करायची. सगळे तिला ‘जाळपोळताई’ म्हणत आणि तीही हसून ओ देई.

आजची चिप जेमतेम नखाएवढी होती. तिच्या आठ चॅनलवर, म्हणजे वीज सोडणाऱ्या आठ वाटांवर, दवाखान्यातला अख्खा पलंग चालायचा. डोक्याकडची मोटर, पायाकडची मोटर, दिवा, नर्सला बोलावण्याची घंटा, सगळं. जुन्या चिपमध्ये एका तारेत शॉर्ट झाला की आठही चॅनल बंद पडत. चिप वाचायची, पण पलंग मुका व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी तशाच एका पलंगावर तिचे वडील होते. पायाकडची तार बिजागरीत चेपली आणि घंटाही गेली. पाणी हवं म्हणून ते पाऊण तास बटण दाबत राहिले. ती पोचली तेव्हा त्यांच्या ओठांना कोरड पडली होती. तरी म्हणाले, “तुमच्याकडचीच चिप का गं ही?”

“हो, बाबा,” म्हणत तिने त्यांना पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी ती डिझायनरच्या टेबलापाशी उभी राहिली. “पायाच्या तारेची शिक्षा घंटेला कशाला?”

“ताई, प्रत्येक चॅनलला वेगळं संरक्षण द्यायचं तर चिप मोठी होते.”

“होऊ द्या की. पलंग काय खिशात घालून न्यायचाय?”

तो हसला, पण कामाला लागला. चार नमुने धुरात गेले. जळायला सुरुवात कुठून झाली, ते ती सूक्ष्मदर्शकाखाली शोधून दाखवायची आणि तो आराखडा बदलायचा. आज पाचवा नमुना.

टेबलावर आठ बल्ब पेटले होते, प्रत्येक चॅनलला एक. तिने तिसऱ्या चॅनलवर तार टेकवली.

टक्.

तिसरा बल्ब विझला. बाकीचे सात लुकलुकलेसुद्धा नाहीत. तिने तार काढली आणि क्षणात तिसरा आपसूक पेटला.

“पुन्हा!” डिझायनर ओरडला.

मग पहिला, मग सातवा, मग पुन्हा तिसरा. शंभर वेळा झालं. मध्ये त्याने तारच हिसकावून घेतली, “मला करू द्या ना, ताई!” तिने चिपला हळूच बोट लावून पाहिलं. “नुसती कोमट आहे हो!”

तो धावत बाहेर गेला आणि दिसेल त्याला आत ओढून आणलं. टाळ्या वाजल्या. अहवालात ‘मूळ कल्पना’ या रकान्यात त्याने तिचं पूर्ण नाव लिहिलं, आणि ते बरोबर लिहिलंय ना, म्हणून तिच्याकडून वाचून घेतलं.

गर्दी पांगल्यावर तिने वडिलांना फोन लावला.

“बाबा, एक तार बिघडली तरी घंटा चालू राहते आता. मी स्वतः तपासलं.”

पलीकडून खाकरणं. “म्हणजे आता मी बिनधास्त आजारी पडू?”

“खबरदार!” ती म्हणाली आणि खळखळून हसली. मग डोळे पुसायला तिला गॉगल काढावा लागला.