आतली कडी

माणसाचं स्वातंत्र्य नेमकं कशात असतं, यावर थोरामोठ्यांनी खंडच्या खंड लिहून ठेवले आहेत. बिरदेवला त्यातलं काही वाचायची गरज उरली नव्हती. ते न्हाणीघराच्या आतल्या कडीत असतं, आणि ती कडी त्याच्या बायकोनं स्क्रूंसकट काढून ज्वारीच्या डब्यात पुरली होती.

"आवाज येऊ दे रं बिरदेवा!" बाहेरून आईनं, कोंडाबाईनं, काठी आपटली.

"भूमहून परांड्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," आतून बिरदेव म्हणाला आणि अंगावर तांब्या ओतला. "प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी."

दवाखान्यातून आल्यापासून हा नियम होता. दार नुसतं लोटायचं आणि आत असेपर्यंत बोलत राहायचं. माणूस बोलून बोलून किती बोलणार? गाणी संपली, आरत्या संपल्या, तेव्हा तो नोकरीतल्या बोलण्यावर आला. भूमच्या बसस्थानकात तो वर्षानुवर्षं माइकवर गाड्या पुकारत असे. एका दुपारी त्याच माइकवर त्यानं शांतपणे सांगितलं, की आज कुठलीच गाडी कुठंही जाणार नाही, सर्वांनी आपापल्या घरी जावं. अर्धे लोक निमूट उठून गेलेही. बिरदेव तेवढा घरी गेला नाही. त्यानंतर त्यानं जे केलं, त्याला घरात 'ते' म्हणतात.

आज वाशीची गाडी पुकारताना तोंडात साबण गेला. थुंकेपर्यंत आवाज थांबला, तेवढं पुरलं. विरजण मागायला आलेल्या शेजारच्या गौराबाईनं वाटीसकट दार ढकललं, त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि ती गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "जित्ता हाय गं, मंजुषा!"

बातमी खरी होती. तिच्यात आनंद मानावा असं मात्र बिरदेवला काही सापडेना.

अंग पुसून तो चुलीपाशी आला, तर बायको, मंजुषा, तळहातावर गोळ्या घेऊन उभीच. त्यानं गिळल्या.

"जीभ दाखवा."

त्यानं दाखवली. मग म्हणाला, "मला कडी पायजे."

"कशाला?"

"गौराबाईनं बघितलं."

"बघू द्या. बघण्यासारखं काय ऱ्हायलंय?" मंजुषा म्हणाली. एरवी ती यावर स्वतःच हसली असती.

"सकाळी डोळं उघडलं की वाटतं, आता परत सगळं पयल्यापासून. पाय खाली टेकवंना. तुमी सगळी बघत बसता म्हणून टेकवतो. जरा वेळ कुणी न बघता बसू द्या मला."

"तुमाला कडी पायजे," ती म्हणाली, "मला झोप पायजे. तुमी कूस बदलली की मी उठून बसते. नाकापुढं हात धरून बघते. मी कुणाकडं मागू?"

यावरचं औषध डॉक्टरांनी गोळ्यांच्या खाली लिहून दिलं नव्हतं.

"लाव त्याची कडी," उंबऱ्यावरून कोंडाबाई बोलली. "जलम गेला माजा मेंढरामागं. वरडतंय त्याचा घोर नसतोय. गप ऱ्हातंय त्याला बघावं लागतंय. म्या दारात बसते. तू गप ऱ्हा आत, म्या ऐकते."

"गप ऱ्हायलेलं काय ऐकताव, आत्याबाई?" मंजुषानं सासूला विचारलं.

"ऐकते म्हणलं न्हवं?"

मंजुषानं ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला. कडी बसवायची बिरदेवनं, असं ठरलं. गोळ्यांनी त्याची बोटं थरथरत. स्क्रू भोकावर टेकवला की खाली पडे. मंजुषा वाकून उचलून देई, तो पुन्हा पडे. शेवटी तिनं त्याचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. कडी तिरकी बसली. लग्नानंतर दोघांनी मिळून केलेलं हे बहुधा पहिलंच काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत गेला आणि कडी लावली. बाहेर काठी टेकल्याचा आवाज झाला.

"बसले रं," कोंडाबाई म्हणाली.

मग शांतता. नळाची तोटी कोरडी होती, बादलीतलं पाणी हलत नव्हतं. कुणी बघत नव्हतं. बिरदेवनं पाटावर बसून डोळे मिटले. घडीभर फार बरं वाटलं.

आणि मग ते आलं. ते कुठं गेलंच नव्हतं. परांड्याच्या गाडीमागं, वाशीच्या गाडीमागं ते इतके दिवस मुकाट उभं होतं. छातीवर कुणी पोतं टाकावं तसं झालं. कडी हाताच्या अंतरावर होती, पण हात उचलेना. त्यानं बादलीची कड घट्ट धरली.

"भूमहून…" घशातून वाराच निघाला. "भूमहून परांड्याकडे जाणारी…"

दार गप होतं. पण त्यापलीकडं आई ऐकते आहे. तेवढ्या एका गोष्टीला धरून त्यानं परांड्याची गाडी सोडली. मग वाशीची, कळंबची, बार्शीची. कधीच्या बंद झालेल्या सोडल्या. भूमहून कधी न सुटलेली माकणीचीही सोडली. आवाज स्थानकात चढायचा तसा चढत गेला. सगळ्या प्रवाशांना त्यानं सामान सांभाळायला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि हळूहळू बादलीवरची बोटं सुटली.

त्यानं दोन तांबे अंगावर ओतले. कडी स्वतःच्या हातानं काढली. टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

काठी भिंतीला टेकून उभी होती. आई नव्हती. चुलीपाशी मंजुषाही नव्हती. पुढचं दार सताड उघडं होतं आणि रांजणाजवळच्या घागरी जागेवर नव्हत्या.

आई दारात बसली त्याच्या पाठोपाठच गल्लीत पाण्याचा टँकर आला होता.