पूर्णेत सोडलेली किल्ली

गुरुवारी दिवेलागणीला खुशालरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. तेल्हाऱ्याहून जीप भरभरून माणसं येत, आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया लेकरं काखेत मारून येत, आणि ज्यांना खाली जागा मिळत नसे ते भिंतीवर चढून बसत. मधोमध ललितची चंदेरी गाडी उभी असे. बॉनेटवर हळदकुंकू, आरशाला लिंबूमिरची, वायपरमध्ये झेंडूची फुलं खोचलेली. गाडीपुढे वाघाचं चित्र असलेल्या चादरीवर उजेडनाथ महाराज बसत, हातात भला मोठा लोखंडी चिमटा घेऊन.

"देह म्हंजे बल्ब!" महाराज गरजत. "बल्ब उडते. पन करंट उडते काय?"

"नायी महाराज!" अंगण ओरडे.

"करंट अमर हाय! ललित बेटा, आला काय रे?"

चिमटा खणकन आपटे आणि त्याच क्षणी बंद गाडीचे दिवे पुढून-मागून एकदा लुकलुकत. बाया पदर तोंडाला लावत, म्हातारे हात जोडत. एकदा लुकलुकलं म्हणजे 'हाव', दोनदा लुकलुकलं म्हणजे 'नायी'. एवढ्या दोन शब्दांवर महाराजांनी अख्खा तालुका नादी लावला होता.

ललित गेला तो ऐन हरभऱ्याच्या ओलितात. विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबायला गेला आणि शॉक लागून तिथंच पडला. घरात बाप खुशालराव, आई मनकर्णाबाई, बायको पौर्णिमा आणि पाच वर्षांची लेक प्राजक्ता. असल्या वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि नेमक्या त्याच वेळी असले भामटे उंबरठा ओलांडतात. दशक्रियेला महाराज न बोलावता आले. म्हणाले, "विजेनं नेलं न पोराले? मंग तो विजेतूनच बोलीन." ललितच्या खिशात गाडीची एक किल्ली सापडली होती. तिच्यात जीव अडकला आहे, असं सांगून ती महाराजांनी मागून घेतली आणि आपल्या हातानं पूर्णा नदीत सोडायला नेली. दुसरी किल्ली ललितच्या फोटोला हारासोबत टांगून ठेवली. दोन्ही किल्ल्यांवर प्राजक्तानं कधीतरी आईच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते, म्हणून मनकर्णाबाई त्या फोटोवरच्या किल्लीच्या ठिपक्याचेही मुके घेत.

गावात शंका घेणारा एकच माणूस निघाला, शाळेतले संघपाल गुरुजी. ललितचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यांनी पहिल्याच गुरुवारी विचारलं, "किल्ली कोनाजवळ हाय, ते तं पाहा."

"डोळे फुटले काय गुरुजी? एक फोटोवर लटकून राहिली, दुसरी पूर्णेत गेली," चंद्रभान पाटील खेकसले. "अन् तुमी तं देवच मानत नायी. तुमचं काय आयकाचं?"

गावानं ज्याला एकदा 'तुमचं' म्हणून बाजूला काढलं, त्याचं खरं बोलणंही बाजूलाच पडतं.

खरं सांगायचं तर पौर्णिमाचाही पहिल्या दिवशी विश्वास बसला होता. दिवे लुकलुकले तशी ती गाडीच्या दाराला बिलगली होती आणि तिनं विचारलं होतं, "अवो, लय दुखलं काय तुमाले?" दिवे दोनदा लागले. नायी. त्या दिवसापासून तिला थोडी झोप लागू लागली.

मग एका गुरुवारी मागचा डावा दिवा लागलाच नाही. बाकीचे तीन लुकलुकले आणि तो मेल्यासारखा गप्प. देवीदास, म्हणजे महाराजांचा चेला, कायम झोळीत हात घालून त्यांच्या मागं बसणारा, त्यानं महाराजांच्या कानात काहीतरी सांगितलं. महाराजांनी डोळे मिटले, मान हलवली.

"डावं अंग! डावं अंग कोनाचं असते?"

"बायकोचं, महाराज," कोणीतरी बोललं.

"बायकोचं! डावा दिवा इझला म्हंजे बायकोचा दोष हाय. बेटा ललित, तुह्या बायकोपाई गेला काय तू?"

खणकन चिमटा. एक लुकलुक. हाव.

अंगणातल्या सगळ्या नजरा पौर्णिमाकडं वळल्या. ज्या बाया काल तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, त्या आपला पदर आवरून दूर सरकल्या. महाराजांनी उपायही सांगून टाकला: पौर्णिमानं वर्षभर मठात येऊन राहायचं, महाराजांची सेवा करायची, लेकरू आजीजवळ ठेवायचं. पुढच्या गुरुवारी ललितला शेवटचा सवाल, आणि तो हाव म्हणाला की महाराजांच्या जीपमध्ये बसून निघायचं. हे सांगताना महाराजांची नजर पौर्णिमाच्या चेहऱ्यावर नव्हती. ती कुठं होती ते पौर्णिमाला कळलं, आणि तिनं पदर गच्च लपेटून घेतला.

"आई, तुमी मले पाठवता काय?" चुलीपाशी तिनं सासूला विचारलं.

"मी कोन पाठवनारी माय?" मनकर्णाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. "माहा लेक म्हनते. माह्या लेकाचं म्या कधी मोडलं काय?"

"अन् प्राजू?"

मनकर्णाबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. खुशालराव ओसरीवर छताकडं पाहत पडले होते. ते आताशा बोलतच नसत. दर गुरुवारी सकाळी फोटोवरची किल्ली काढून गाडी अर्धा तास सुरू करून ठेवायची, म्हणजे आत्म्याला जाग येते, असं महाराजांनी सांगितलं होतं. तेवढं एक काम ते इमानानं करत. त्यानं आत्म्याला जाग येत नव्हती, उभ्या गाडीची बॅटरी तेवढी चार्ज होत होती, हे त्यांना कोण सांगणार?

पौर्णिमाच्या डोक्यातून तो विझलेला दिवा मात्र जाईना. डावं अंग म्हणे! अरे, हाच दिवा मागच्या पोळ्यालाही गेला होता. ललितनं अंगणातच डिक्की उघडून तो बदलला होता, आणि स्क्रू काढायचा पेचकस हातात धरून हीच उभी होती. "दाबून फिरव, ओढू नको," असं म्हणत त्यानं तिच्याकडूनच बल्ब बसवून घेतला होता. त्या दिवशी कोणाचा दोष निघाला होता?

सोमवारी ती तेल्हाऱ्याला गेली आणि गाडीच्या सामानाच्या दुकानातून इंडिकेटरचा पिवळा बल्ब घेऊन आली. दुपारी घरात कोणी नव्हतं. तिनं फोटोवरची किल्ली काढली, डिक्की उघडली, दोन स्क्रू काढून मागचा दिवा सोडवला. होल्डर फिरवून बाहेर काढला. बल्बची काच आतून काळी पडली होती. कानाशी धरून हलवला तर तुटलेली तार आत बारीक वाजली. हे तिचं पाप! बाजारात चहाच्या भावानं मिळतं ते. तिनं नवा बल्ब दाबून फिरवला, दिवा बसवला आणि आत बसून तांबड्या त्रिकोणाचं बटण दाबलं. चारही दिवे एकदम उघडझाप करू लागले.

चारही, एकदम. ती बघतच राहिली. बटण बंद केलं, बाहेर आली, दार लोटलं आणि सवयीनं किल्लीवरचं कुलपाचं बटण दाबलं.

खट्ट. दिवे एकदा लुकलुकले. हाव.

तिनं कुलूप उघडायचं बटण दाबलं. दिवे दोनदा लुकलुकले. नायी.

म्हणजे महाराजांनी नेलेली दुसरी किल्ली पूर्णेत गेलीच नव्हती. चिमटा का आपटत होता, तेही तिला तिथंच कळलं. हे 'खट्ट' लोकांच्या कानावर पडू नये म्हणून. 'लय दुखलं काय तुमाले?' असं तिनं काळीज काढून विचारलं होतं, आणि तिला 'नायी' म्हणणारा होता झोळीत हात घातलेला तो देवीदास! विडीनं पिवळ्या पडलेल्या बोटानं त्यानं तिच्या नवऱ्याचं उत्तर दिलं होतं, आणि ते उशाशी घेऊन ती झोपत होती. तिच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. ती मोरीत गेली आणि तिनं खसाखसा तोंड धुतलं. चूळ भरून बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नव्हता.

घरी सांगून उपयोग नव्हता. सासू म्हणाली असती, तू किल्ली दाबली म्हणून दिवा लागला, मंग गुरुवारी कोन दाबते? पूर्णेतली मासोळी? म्हणून ती फक्त संघपाल गुरुजींच्या घरी गेली.

"भाऊजी, गुरुवारी तुमी त्या देवीदासच्या शेजारी उभे राहा. मी सांगतो तवा त्याचा झोळीतला हात धरजा. सोडजा नोको."

गुरुजींनी कारण विचारलं नाही. "बेस," एवढंच म्हणाले.

गुरुवारी अंगण नेहमीपेक्षा दुप्पट भरलं. एका विधवेला मठात नेताना पाहायचं म्हणजे तमाशाच, तो फुकटात कोण सोडतो? जीप दारात तयार होती. पौर्णिमानं ललितच्या फोटोला झेंडूचा चांगला जाडजूड हार घातला होता. त्याखाली किल्ली आहे की नाही, कोणाला दिसणार? किल्ली तिच्या पदराखाली, मुठीत होती.

"ललित बेटा, आला काय रे?"

खणकन. चारही दिवे लागले, डावासुद्धा. महाराज क्षणभर चपापले, पण जीभ तयारीची.

"पाहा! डावा दिवा लागला! बायको मठात याले राजी झाली म्हनून आत्म्यानं तिले माफ केलं!"

दिवा विझला तेव्हा तिचा दोष आणि लागला तेव्हा तिची संमती. महाराजांचा तराजू असा की दोन्ही पारडी त्यांच्याच बाजूला झुकायची.

"महाराज," पौर्णिमा पुढं झाली, "शेवटच्या सवालाआंधी मी बी एक इचारू काय?"

"इचार बेटी, इचार. तुहाच धनी हाय."

ती गाडीकडं तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "अवो, हे महाराज लबाड हायेत काय?"

खट्ट. एक लुकलुक. हाव.

महाराजांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग देवीदास भानावर आला आणि चिमट्याची वाट न बघता घाईघाईनं दिवे दोनदा लागले. नायी! पौर्णिमानं दाबलं. हाव! देवीदासनं दाबलं. नायी! हाव! नायी! हाव! ललित जन्मात कधी असा उलटसुलट बोलला नव्हता. भिंतीवर बसलेलं एक कार्टं फिसकन हसलं, आणि ते हसू अंगणभर पसरलं.

"आत्म्यात आत्मा शिरला! दुष्ट शक्ती!" महाराज किंचाळले.

"शक्ती नायी, किल्ली!" पौर्णिमानं मूठ वर करून उघडली. "हाव मी म्हनून राहिली. नायी कोन म्हनून राहिलं? भाऊजी, धरा!"

गुरुजींनी देवीदासचं मनगट झोळीसकट वर उचललं. तो हिसके देऊ लागला तसे चंद्रभान पाटीलही मदतीला धावले, कारण आपण कोणाच्या बाजूला उभे होतो हे आता लवकर विसरलं जायला हवं होतं. पिवळ्या बोटांतून किल्ली खाली पडली. तिच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

"माहा ठिपका!" प्राजक्ता आजीच्या मांडीवरून ओरडली.

मनकर्णाबाई उठल्या. त्यांनी किल्ली उचलली, उलटसुलट करून पाहिली. "पूर्णेत सोडली व्हती न हे?" त्या महाराजांना म्हणाल्या. "कोरडी कशी?"

मनकर्णाबाईंनी अंगठ्यानं बटण दाबलं. एक लुकलुक. पुन्हा दाबलं. पुन्हा एक. त्या कितीतरी वेळ दाबत राहिल्या आणि कोणीही त्यांना अडवलं नाही. मग त्या रडू लागल्या, आणि रडता रडता त्यांचा आवाज चढला.

"मले कसं समजलं नायी वो! माहा ललित कधी हाव-नायीवर थांबला काय? भाजीत मीठ कमी असलं तं घर डोक्यावर घे. शेजारच्या गावाले जाऊन आला तं तिथल्या कुत्र्याची बी गोष्ट सांगे. अन् या मेल्यानं माह्या एवढ्या बोलक्या लेकाचे दोन शब्द करून ठेवले! उठ माह्या अंगनातून!"

त्यांनी चिमटा उचलून जीपच्या दिशेनं भिरकावला. जीपच्या चाकातली हवा पोरांनी आधीच सोडली होती, म्हणून महाराज आणि देवीदास कुठं पळू शकले नाहीत. गुरुजींनी पोलिसांना फोन लावला. असल्या फसवणुकीविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे, पण तो आपण होऊन चालत येत नाही. तक्रार द्यायला कोणीतरी जावं लागतं.

तर बाप्पा हो, मेलेलं माणूस बल्बात येऊन बसत नाही. बल्बात बारीक तार असते; करंट आला की ती पेटते, आणि तुटली की दिवा जातो. ज्याला हे माहीत नाही तो मूर्ख नव्हे. पण जो तुमच्या दुःखाच्या वेळी येतो, तुमची किल्ली घेऊन जातो आणि वर तुमच्याच घरातल्या बाईचा दोष काढतो, त्याला 'हात दाखव' म्हणायची लाज का वाटावी? चमत्कार दिसला की आधी हात जोडू नका. आधी समोरच्याचे हात कुठं आहेत ते बघा. आणि त्या दिवशी पदर आवरून दूर सरकलेल्या बायाबापड्यांनो, तुम्हाला महाराजांनी फसवलं हे खरं. सरकलात मात्र तुमच्या तुम्ही.

शुक्रवारी सकाळी पौर्णिमानं गाडी धुतली. हळदकुंकू गेलं, लिंबूमिरची उकिरड्यावर गेली. चालवायला तिला ललितनंच शिकवलं होतं, वखरलेल्या वावरात. शेजारी सासू बसली, मागं सासरे आणि प्राजक्ता. तेल्हाऱ्याला, पोलीस ठाण्यात जबाब द्यायला निघाले होते. फाट्याशी तिनं इंडिकेटर लावला. मनकर्णाबाईंनी काटक काटक ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"काय म्हनून राहिला तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नायी म्हनून राहिला, आई," पौर्णिमा म्हणाली. "मी म्हनून राहिली. डावीकडं वळून राहिली म्हनून."